चेंडू आणि ठोसा सोडून बघा: फुटबॉल आणि एमएमए बघणाऱ्या बडोदेकरांसाठी धागा

पोलोग्राउंड

बडोद्यात फुटबॉल आणि एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकड एकत्र) हे दोन्ही खेळ बघणारी मंडळी आता भरपूर झाली आहेत, पण सामना संपल्यावरची चर्चा त्याच दोन प्रश्नांवर अडकते: गोल कुणी मारला आणि ठोसा कुणाचा बसला. माझं म्हणणं असं की गोल आणि ठोसा हे शेवटचं टोक आहे. निकाल त्याआधीच्या तीन-चार सेकंदांत लागलेला असतो. फुटबॉलमध्ये ते सेकंद चेंडूपासून वीस-तीस मीटर लांब घडतात आणि एमएमएमध्ये कमरेखाली. नजर तिकडे वळवली नाही तर दोन्ही खेळ अर्धेच दिसतात.

आधी फुटबॉल. गोलकिकपासून सुरुवात करा, कारण तेव्हा सगळे खेळाडू आपापल्या जागी असतात आणि कॅमेराही लांबचा असतो. २०१९ मध्ये नियम बदलला. चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जायलाच हवा ही अट गेली. लाथ बसून चेंडू हलला की तो खेळात. म्हणून आता सेंटर-बॅक (मधले बचावपटू) गोलकीपरच्या दोन बाजूंना, पेनल्टी क्षेत्राच्या आतच उभे दिसतात. समोरच्या संघाला मात्र चेंडू खेळात येईपर्यंत बाहेर थांबावं लागतं. त्या क्षणी गोलकीपरकडे न बघता हे बघा: समोरचा स्ट्रायकर सरळ धावतोय की कमान घेऊन? कमान घेऊन धावला तर तो एका सेंटर-बॅककडून दुसऱ्याकडे जाणारा पास पाठीमागे झाकत येतो आणि चेंडू एका बाजूला कोंडतो. सरळ धावला तर एका पासात तो कापला जातो.

प्रेसिंग, म्हणजे चेंडू हिसकावायला समोरच्यांवर धावून जाणं, कधी सुरू होणार हेही आधी ओळखता येतं. चार खुणा पुरेशा आहेत: मागे दिलेला हळू पास, उडालेला फर्स्ट टच, स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घेणारा खेळाडू, आणि टचलाइनला चिकटलेल्या फुलबॅककडे (कडेच्या बचावपटूकडे) गेलेला पास. टचलाइनपाशी बाहेरची बाजू बंदच असते, त्यामुळे तिथे दोन खेळाडू तिघांचं काम करतात.

प्रेसिंग फसतं ते बहुतेक वेळा पुढच्यांमुळे नाही, मागच्यांमुळे. पुढचे तिघे धावून गेले आणि बचावाची ओळ जागेवरच राहिली, तर मधे मोठी मोकळी पट्टी तयार होते. चांगला संघ पुढच्या स्ट्रायकरपासून शेवटच्या बचावपटूपर्यंतचं अंतर ३०-३५ मीटरमध्ये ठेवतो. ते पन्नासकडे सरकायला लागलं की पुढच्या दहा मिनिटांत काय होणार याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

आणि आपला संघ हल्ला करत असताना मागे कोण उरलंय ते मोजा. साधारण पाच जण चेंडूच्या मागे, तीन आणि दोन किंवा दोन आणि तीन अशा मांडणीत असतात. मँचेस्टर सिटीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०२२-२३ मध्ये स्टोन्स बचावातून वर सरकून रॉड्रीच्या शेजारी उभा राहायचा, मध्यभागी दोन माणसं पक्की, आणि त्या वर्षी तिन्ही मोठ्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉड्रीच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला. गोल करणारा हालांड जागेवरच होता, पण मधली कुलूपपट्टी गेली आणि प्रतिहल्ले सरळ मधून यायला लागले. तो मोसम सिटीने तिसऱ्या स्थानावर संपवला. फक्त चेंडूकडे बघणाऱ्याला हा बदल कळत नाही, त्याला फक्त "बचाव ढिला झाला" एवढंच दिसतं.

आता एमएमए. पहिल्या मिनिटात हात बघूच नका, पाय बघा. एक लढवय्या डावा पाय पुढे ठेवणारा म्हणजे ऑर्थोडॉक्स आणि दुसरा उजवा पाय पुढे ठेवणारा म्हणजे साउथपॉ असेल, तर दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात. तिथे सगळी झटापट पुढचा पाय बाहेरच्या बाजूला नेण्यासाठी असते. ज्याचा पाय बाहेर, त्याच्या मागच्या हाताचा सरळ ठोसा थेट मधून जातो. साउथपॉची डाव्या पायाची लाथ ऑर्थोडॉक्सच्या उजव्या बरगडीखाली, म्हणजे यकृतावर बसते. ती बसली की माणूस एक क्षण उभा राहतो आणि मग घडी होऊन खाली जातो.

काफ किकबद्दलही (पोटरीवरच्या लाथेबद्दल) थोडं. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडावरून एक नस वळसा घालून जाते. तिच्यावर तीन-चार लाथा नीट बसल्या की पाऊल वर उचलणं जड होतं. लक्षणं टीव्हीवर दिसतात: चवडा घासत चालणं, पुढच्या पायावरचं वजन काढून घेणं, मधेच पवित्रा बदलणं. जानेवारी २०२१ मध्ये पॉइरियेने मॅकग्रेगरला दुसऱ्या फेरीत पाडलं ते ठोशांनी, पण मॅकग्रेगरचा पुढचा पाय त्याआधीच गेला होता. बॉक्सरसारखा पुढच्या पायावर भार टाकून उभा राहणारा माणूस नडगी वेळेवर बाहेर वळवू शकत नाही, हे त्यामागचं कारण.

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेल तिथे सांगावं.

दांडियाबाजार

पाय बघा हे बरोबर, पण बडोद्याच्या माणसाने कुस्तीच्या डोळ्याने बघितलं तर अजून बरंच दिसेल. आपल्याकडे जुम्मादादांचा आखाडा १८८० पासून आहे, सयाजीबागेच्या संग्रहालयात गामाच्या नावाचा दगड आहे. डाव ओळखणारी नजर या शहराला परकी नाही. दुहेरी पट, एकेरी पट (दोन्ही किंवा एक पाय धरून पाडणं), ढाक, टांग, सगळं केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीबंद रिंगणात, दिसतं. फरक पडतो तो डाव बसल्यानंतर.

कुस्तीत पाठ लागली की कुस्ती संपली. त्यामुळे पैलवानाचं अंग काहीही झालं तरी पाठ टेकू न देण्यासाठी घडलेलं असतं. खाली गेला की तो पालथा होतो, हात-पाय जवळ घेतो. केजमध्ये ही सवय घातक ठरते. पालथा झाला की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो आणि हात गळ्याखाली सरकवतो. हाच रिअर नेकेड चोक. हनुवटी दाबून ठेवण्याने तो थांबत नाही, फक्त लांबतो. बचाव म्हणजे गळ्याकडे येणारा हात आपल्या दोन्ही हातांनी धरून खांद्यावरून पलीकडे नेणं आणि स्वतःची पाठ जमिनीला टेकवणं. पाठ टेकवणं! पैलवानाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच.

दुसरी अडचण मानेची. कुस्तीत गळा आवळायची परवानगी नाही, त्यामुळे पट काढताना डोकं खाली गेलं तरी फारसं बिघडत नाही. इथे डोकं खाली आणि बाहेर गेलं की समोरचा काखेत मान धरतो आणि गिलोटिन लावतो. यूएफसीत (एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेत) उतरलेला पहिला भारतीय भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगकडून पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये अडकला. उपाय सोपा वाटतो पण अंगात मुरायला वेळ लागतो: पट काढताना नजर वर, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला, पाठीचा कणा सरळ, आणि मान सापडलीच तर ज्या हाताने गळा धरलाय त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन पडायचं. त्याच बाजूला पडलात तर मिठी अजून घट्ट होते.

तिसरी गोष्ट जाळी. आखाड्यात हौदाबाहेर गेलं की पंच आत बोलावतो. केजमध्ये जाळी हीच चौथी भिंत, आणि दोघेही ती वापरतात. खाली पडलेला माणूस जाळीला पाठ लावून उठतो. आधी बसतो, एक हात जमिनीवर, दुसऱ्या हाताने काखेतून अंडरहुक, मग कंबर जाळीला रेटत एक पाय खाली घेतो. हे सगळं तोडायचं कसं हे रशियाच्या खबीब नूरमागोमेदोवने दाखवलं. तो समोरच्याच्या दोन्ही पिंढऱ्या आपल्या पायांत गुंफून त्यावर बसायचा आणि एक मनगट पाठीमागे धरून ठेवायचा. पाय गुंफलेले असताना कंबर उचलताच येत नाही, आणि मनगट अडकल्यामुळे एकच हात बचावाला उरतो. ऑक्टोबर २०१८ च्या मॅकग्रेगरविरुद्धच्या लढतीत पहिल्या फेरीत नेमकं हे बघायला मिळतं. चौथ्या फेरीत मान पिळून लढत संपली. २९ लढती, २९ विजय, आणि त्यातला मोठा भाग या एका बैठकीवर उभा आहे. टीव्हीवर हे "नुसतं धरून बसलाय" असं वाटतं. मनगट कुणाच्या ताब्यात आहे ते बघायला लागा, मग कंटाळा येणार नाही.

फतेहगंज११

दोघांचंही वाचून बरंच कळलं. एक शंका विचारतो. पूजा तोमरची जून २०२४ ची लुईव्हिलची लढत. यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई, आनंदच आहे. पण तीन पंचांचे आकडे ३०-२७, २७-३०, २९-२८. एकाला ती तिन्ही फेऱ्या जिंकलेली दिसते आणि दुसऱ्याला तिन्ही हरलेली? फुटबॉलमध्ये असं होऊ शकेल का? एकाच सामन्यात एक रेफरी ३-० म्हणतोय आणि दुसरा ०-३!

न्यायमंदिर

होऊ शकतं, आणि त्यात कुणाची लबाडी असायलाच हवी असं नाही. नीट मांडतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात.

तीन पंच, प्रत्येक जण स्वतंत्रपणे, प्रत्येक फेरीला गुण देतो. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा कमी. फेरी निसटती असो की बऱ्यापैकी एकतर्फी, बहुतेक वेळा आकडा १०-९ च येतो. म्हणजे तिन्ही फेऱ्या केसभर फरकाच्या असतील आणि एका पंचाचा कल प्रत्येक वेळी एकीकडे व दुसऱ्याचा दुसरीकडे गेला, तर ३०-२७ आणि २७-३० हे दोन्ही आकडे एकाच लढतीतून निघतात. आकडा दणदणीत दिसतो, लढत तशी नसते. फुटबॉलचा गोल मोजता येतो, फेरी ठरवावी लागते. पंचही केजच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. जाळीचा खांब, रेफरीची पाठ, लढवय्याची पाठ यांमुळे एखादा ठोसा एकाला दिसतो, दुसऱ्याला नाही.

निकष काय? हा क्रम पाठ करण्यासारखा आहे. पहिला निकष परिणामकारक मारा आणि परिणामकारक पकड. हे दोन्ही एकाच पायरीवर. यात कोण पुढे हे ठरलं की तिथेच थांबायचं. हे अगदी समसमान असेल तरच आक्रमकता बघायची. तीही समान असेल तरच केजवरचं नियंत्रण. २०१७ पासून हा क्रम स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. त्यामुळे "तो सतत पुढे येत होता", "त्याने जाळीला दाबून ठेवलं होतं" हे मुद्दे बहुतेक फेऱ्यांत विचारातच येत नाहीत. टेकडाउनचंही (समोरच्याला खाली पाडण्याचंही) तसंच. उचलून आपटलं आणि त्यातून इजा झाली, गळा धरायची संधी मिळाली, ठोसे बसले, तर त्याला किंमत. पाडलं आणि समोरचा पाच सेकंदांत उठला, तर जवळजवळ काही नाही.

१०-८ केव्हा? परिणाम, वर्चस्व आणि कालावधी, या तीन गोष्टी बघतात. यांतल्या एकाहून जास्त ठळक असतील तर १०-८ चा विचार होतो. याचं गणित मोठं असतं. एकाने पहिली फेरी १०-८ ने जिंकली आणि पुढच्या दोन १०-९ ने हरला, तर बेरीज २८-२८. बरोबरी. घरी बघताना दोन फेऱ्या जिंकणाऱ्यालाच विजयी धरून चालणारे इथे फसतात.

घरी गुण द्यायचे असतील तर: समालोचनाचा आवाज बंद करा, कारण समालोचक एखाद्या लढवय्याच्या डावाबद्दल बोलायला लागला की कान त्याच्याच बाजूने गुण देतात. फेरीत काही मोठं घडलं की कागदावर फक्त कोणी आणि केव्हा एवढं लिहा. फेरी संपल्यावर मधल्या एका मिनिटातच गुण लिहून टाका आणि मागची फेरी पुन्हा उघडू नका. शेवटची तीस सेकंदं ताजी असतात म्हणून ती जास्त मोलाची वाटतात, पण पाच मिनिटांची फेरी पाच मिनिटांचीच असते.

वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संस्थेत हे सगळं लागू नाही, तिथे फेरीनिहाय नाही तर पूर्ण लढत एकत्र तोलली जाते. म्हणून तिथे शेवटच्या फेरीत पाडणाऱ्याला जास्त फायदा होतो. दोन संस्थांच्या लढती एकाच चष्म्यातून बघू नयेत.

कॅन्सस राज्यात २०२० पासून फेरी संपल्यावर गुण जाहीर करायची सोय आहे. मला ती सगळीकडे हवी आहे. फुटबॉलपटूला ८० व्या मिनिटाला आपण मागे आहोत हे माहीत असतं आणि तो जोखीम घेतो. तिसऱ्या फेरीत आपण पुढे आहोत असं समजून अंग राखणाऱ्या लढवय्याला हा हक्क का नसावा?

सुरसागर

न्यायमंदिरकाकांशी गुण जाहीर करण्याबाबत सहमत नाही. दोन फेऱ्या पुढे असलेला माणूस तिसरी फेरी पळत काढेल. फुटबॉलमध्येही १-० वर कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू दाबून धरतात, पण तिथे खेळ थांबवून वाया घालवलेला वेळ मोजून वाढवून मिळतो, आणि गोलकीपरलाही आता चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. २०२५-२६ पासून जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर. रेफरी शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतो. एमएमएमध्ये पळणाऱ्याला रेफरी ताकीद देतो, गुण क्वचितच कापतो. आधी तिथली शिक्षा कडक करा, मग गुण जाहीर करा.

ऑफसाइडबद्दल (पास सुटताना बचावाच्या रेषेपुढे उभं असण्याबद्दल) कुणी बोललं नाही म्हणून भर. रेषा दोन खेळाडूंमधली नसते, शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापासून मोजतात, आणि त्या शेवटच्या दोघांत गोलकीपर असायलाच हवा असं नाही. हात धरत नाहीत. काखेच्या खालच्या टोकापर्यंतचा खांदा धरतात. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नाही. २०२२ च्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा. खरा फरक त्या चेंडूतल्या सेन्सरने पडला. जुन्या पद्धतीत पास नेमका कधी सुटला ते टीव्हीच्या चौकटीवरून ठरवायचे, आणि जोरात धावणारा माणूस दोन चौकटींच्या मधे सहज एक वीत पुढे गेलेला असतो. म्हणून जुने सेंटिमीटरवरचे निर्णय मला कधीच पटले नाहीत.

व्हीएआर, म्हणजे चित्रफीत बघून रेफरीला मदत करणारा पंच, २०२५-२६ पर्यंत फक्त चार गोष्टींत बोलायचा: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. तोवरच्या सामन्यांतल्या दुसऱ्या पिवळ्यावरून आरडाओरडा करण्याआधी हे लक्षात ठेवा.

फतेहगंज११

मग एमएमएमध्ये व्हीएआर का नाही? डोळ्यात बोट जाण्याचं प्रकरण रोजचंच झालंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीला अॅस्पिनॉल आणि गानची हेवीवेट पट्ट्याची (विजेतेपदाची) लढत त्यावरच निकालाविना संपली.

न्यायमंदिर

बऱ्याच आयोगांकडे (लढतींवर देखरेख करणाऱ्या संस्थांकडे) चित्रफीत बघायची सोय आहे, पण ती लढत संपवणाऱ्या प्रसंगापुरती. ठोसा होता की डोक्याला डोकं लागलं, एवढं बघून निकाल बदलता येतो. मधेच थांबवून बघायचं तर अडचण वेगळी आहे: फुटबॉलमध्ये खेळ थांबला तरी कुणाचं नुकसान होत नाही, इथे दमलेल्याला फुकटची विश्रांती मिळते.

डोळ्यातल्या बोटाचं मूळ चार औंसाच्या हातमोज्यात आहे. पकडीसाठी बोटं मोकळी ठेवावी लागतात, आणि अंतर राखण्यासाठी हात पसरला की बोटं पुढे येतात. नियमात पसरलेली बोटं समोरच्याच्या चेहऱ्याकडे रोखणं हाच फाउल आहे, स्पर्श व्हायलाच हवा असं नाही. पण रेफरी तोंडी ताकिदीवर थांबतात. पहिल्याच वेळी एक गुण कापला तर तीन फेऱ्यांच्या लढतीत तो जवळजवळ एक फेरी गमावण्याइतका भारी पडतो, म्हणून हात धजत नाही. माझ्या मते कापायलाच हवा.

आणि जुने व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर २०२४ पासून अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरळ वरून खाली येणारं कोपर वैध झालं आहे. डिसेंबर २००९ मध्ये जॉन जोन्स मॅट हॅमिलविरुद्ध त्याच कोपरामुळे बाद ठरला होता, आणि त्याच्या नावावरचा एकमेव पराभव तोच. त्याच वेळी हात टेकवून "मी खाली आहे" म्हणायची पळवाटही बंद झाली. आता नुसता हात टेकल्याने डोक्यावरच्या गुडघ्यापासून संरक्षण मिळत नाही.

अलकापुरी_फिजिओ

वजनाकडे कुणी वळलं नाही. लढतीचा निम्मा अंदाज आदल्या दिवशीच्या वजनकाट्यावर लागतो, म्हणून थोडं विस्ताराने.

१५५ पाउंडांचा गट म्हणजे ७०.३ किलो. पण तिथे लढणारे बरेच जण एरवी ७७ ते ८० किलोंचे असतात. वजन लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी होतं, बिगर-पट्ट्याच्या लढतीत एक पाउंड सूट, पट्ट्यासाठी सूट नाही. शेवटच्या आठवड्यात जातं ते मुख्यतः पाणी. आधी काही दिवस भरपूर पाणी पितात म्हणजे शरीर ते बाहेर टाकत राहतं, मग एकदम कमी करतात. मीठ आणि पिष्टमय पदार्थ तोडतात, कारण शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. शेवटचे दोन-तीन किलो गरम पाण्याच्या टबात किंवा सौनामध्ये.

बिघडतं कुठे? पाणी पोटात परत भरता येतं, मेंदूभोवतालचा द्रव आणि रक्ताचं प्रमाण इतक्या लवकर पूर्वपदावर येईलच याची खात्री नसते. वैद्यकीय कारणाशिवाय शिरेतून सलाइन घेणं उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाही, म्हणजे सगळं तोंडाने. नुसतं साधं पाणी ढोसलं तर लघवीवाटे निघून जातं. मीठ-साखर मिसळलेलं, थोडं थोडं, गमावलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर असं घ्यावं लागतं. काट्यावर ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, टॉवेलमागे दोघांनी धरलेला माणूस दिसला तर दुसऱ्या फेरीनंतर त्याचे पाय जड पडणार असं समजून बघा. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपचा यांग जियान बिंग हा खेळाडू वजन उतरवताना दगावला. त्यानंतर त्यांनी लघवीची चाचणी सुरू केली. शरीरात पाणी पुरेसं नसेल तर वजन बसूनही खेळाडू पास होत नाही. बाकी बहुतेकांनी अजून हे स्वीकारलेलं नाही, आणि मला हा या खेळातला सगळ्यात मोठा दोष वाटतो. घरी, देखरेखीशिवाय, यातलं काहीही करू नये.

डोक्याच्या इजेच्या बाबतीत मात्र एमएमएचा नियम स्वच्छ आहे. नॉकआउट झाला की वैद्यकीय बंदी, सहसा तीस दिवस किंवा जास्त. फुटबॉलमध्ये डोकं आपटलेला खेळाडू "ठीक आहे" म्हणत परत मैदानात यायचा. आता कन्कशनसाठी (मेंदूला बसलेल्या धक्क्यासाठी) वेगळा बदली खेळाडू देता येतो, पण तो वापरायचा की नाही हे स्पर्धेवर सोडलंय. पाच बदली मिळत असताना कारण तरी काय उरलं?

पोलोग्राउंड

फार मोलाची माहिती. कॉर्नरबद्दल लिहायचं राहून गेलं होतं ते लिहितो, कारण तिथेही सगळे चेंडूकडे बघतात.

कॉर्नर घेणारा हात वर करतो तेव्हा सहा यार्डांच्या पेटीत बघा. आर्सेनलने कॉर्नर-फ्रीकिकचे प्रशिक्षक निकोला जोव्हेर यांच्या हाताखाली हे शास्त्र करून ठेवलंय. चेंडू गोलकडे वळणारा मारतात, म्हणजे गोलकीपर बाहेर आला नाही तर नुसता स्पर्शही पुरतो. पाच-सहा जण दूरच्या खांबाजवळ घोळका करून उभे राहतात आणि लाथ बसायच्या क्षणी फुटतात. त्यातला एक गोलकीपरच्या वाटेत उभा, धरत नाही, ढकलत नाही, फक्त वाट अडवतो. दुसरा सगळ्यात उंच बचावपटूच्या मार्गात येतो. मोकळा सुटतो तो सेंटर-बॅक गॅब्रिएल. जागेनुसार बचाव करणाऱ्या संघाची अडचण अशी की त्यांचे खेळाडू उभ्याने उडी मारतात आणि समोरचा धावत येऊन. माणसामागे माणूस लावणाऱ्याची अडचण अशी की घोळक्यात त्याचा माणूसच हरवतो. म्हणून बहुतेक जण मिश्र पद्धत वापरतात. गोलकीपरने काय करावं? सुरुवातीची जागा एक पाऊल पुढे आणि मध्यापासून किंचित दूरच्या खांबाकडे, म्हणजे अडवणाऱ्याला वळसा घालायला जागा राहते.

प्रशिक्षक लुईस एन्रिकेच्या पीएसजीची (पॅरिसच्या संघाची) किक-ऑफ बघितली असेल तर तोही असाच प्रकार. चेंडू मुद्दाम समोरच्यांच्या कोपऱ्याजवळ बाहेर मारायचा, थ्रो-इन त्यांना द्यायचा, आणि सगळा संघ वर चढवून तिथेच कोंडायचं. मे २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात म्युनिकला इंटर मिलानला ५-० हरवलं त्या रात्री पहिल्या वीस मिनिटांत इंटरला स्वतःच्या अर्ध्यातून नीट निघता आलं नाही.

वेळांचं: चॅम्पियन्स लीगचे रात्रीचे सामने युरोपच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे साडेबाराला, ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर दीडला. प्रीमियर लीगचे शनिवारचे मुख्य सामने साडेसात किंवा साडेआठ. अमेरिकेतल्या यूएफसीची मुख्य लढत-मालिका सहसा रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान सुरू होते, म्हणजे पट्ट्याची लढत येईपर्यंत कोपऱ्यावरची सेव-उसळ आणून होते. अबू धाबीची असेल तर शनिवारी रात्रीच.

रावपुरा

आखाड्यात जाणाऱ्या पोरांना एमएमए शिकायचं असेल तर सुरुवात कशी करावी? सगळ्यांना आधी ठोसे शिकायचे असतात.

दांडियाबाजार

ठोसे नंतर. पैलवानाकडे पट, पकड आणि दम आधीच आहे. त्याला कमी आहे ते जमिनीवर पाठ टेकून लढणं आणि गळा वाचवणं. म्हणून पहिले सहा महिने ब्राझिलियन जिउ-जित्सू किंवा नो-गी (जाकिटाशिवायचं) ग्रॅपलिंग. त्यातही क्रम असा: गिलोटिनपासून सुटणं, पाठीवर चढलेल्याला खाली घेणं, गार्डमध्ये (खालच्याच्या पायांच्या पकडीत) उभं राहून बाहेर पडणं, आणि मग स्वतः गळा धरणं. हे अंगवळणी पडल्यावर बॉक्सिंगची पावलं आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), त्यानंतर काफ किक आणि तिचा बचाव. ठोसे आणि पट एकत्र आणायचा सराव सगळ्यात शेवटी, कारण पैलवान लांबूनच पट मारतो आणि गुडघ्यावर आपटतो. जॅबच्या मागे लपून जवळ जायला शिकल्याशिवाय केजमध्ये पट चालत नाही.

साहित्य थोडंच लागतं. दंतरक्षक गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवलेला, लंगोटाखाली कप, नडगीचे पॅड. ठोशांच्या सरावाला १६ औंसाचे मोजे, मिश्र सरावाला ७ औंसाचे. ४ औंसाचे स्पर्धेसाठी ठेवा, सरावात वापरले की भुवया फुटतात आणि आठवडे वाया जातात.

मॅटवर मातीपेक्षा त्वचेचे रोग झपाट्याने पसरतात, नायटा तर हमखास. सराव संपल्यावर लगेच साबणाने आंघोळ, कपडे रोज धुतलेले, नखं कापलेली, आणि अंगावर गोल लाल चट्टा दिसला की तो बरा होईपर्यंत मॅटवर पाऊल ठेवायचं नाही.

आणि हार मानायची खूण पहिल्या दिवशी शिकवा: समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा ठळक थापटायचं, हात अडकले असतील तर पायाने मॅटवर किंवा तोंडाने "थांब". नीट बसलेला चोक दहा सेकंदांच्या आत शुद्ध घालवतो, आणि गुडघ्याला पीळ पडला असेल तर दुखायला लागेपर्यंत लिगामेंट गेलेला असतो. कुस्तीतल्या पोराला चिवटपणे तग धरायची सवय असते. पायाच्या पकडीत मात्र पीळ जाणवला की लगेच थापटायचं, आणि पकडणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचं.